सूचना क्रमांक सात

कृषी संशोधन केंद्रातल्या कोषवाल्या बाई बोलताना सहज खोटं बोलत. लिहिताना कधीच नाही. "दादा, पाचच मिनिटं," असं सांगून त्या वडीगोद्रीच्या कुणाच्याही तुरीत शिरायच्या आणि दुपारभर झाडांखालची माती खुरप्याने उकरत बसायच्या. वहीत मात्र एक ओळही ऐकीव नसे. "जे दिसलं न्हाई, ते लिहायचं न्हाई."

त्या मातीत घाटेअळीचे, म्हणजे शेंगा पोखरून पुढे पतंग होणाऱ्या अळीचे, कोष शोधत. एखाद्या बारीक गांधीलमाशीने कोषात आधीच अंडं घातलं असेल, तर पतंगाऐवजी माशीच बाहेर येते. ही माशी आपल्या भागातल्या घाटेअळीला किती आटोक्यात ठेवते, हे बाईंना निवृत्तीआधी दाखवून द्यायचं होतं. म्हणून एका कोषाला एक नळी, तोंडाला मलमल, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: शेत, तारीख, मातीत किती खोल. मग नुसतं थांबायचं.

शेतकरी हसत. "बाई, लोक अळ्या मारून राह्यले अन् तुम्ही पाळून राह्यल्या."

"घरजावई शोधून राह्यले, दादा. फुकट राबणारा."

मी त्यांची मदतनीस; नेमणूक एकेका वर्षाची. पहिल्याच दिवशी बाईंच्या सगळ्या सूचना मी क्रमांक घालून लिहून घेतल्या. लिहून घेतलं की काम झालं, असा माझा स्वभाव.

बाईंच्या शेवटच्या हंगामात वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून मी खोली आवरायला घेतली. जिवंत कोषाला बोट लावलं की त्याचं टोक वळवळतं. तेवीस कोष वळवळले नाहीत. मी ते 'मृत' म्हणून यादीत मांडले, मागच्या कडुलिंबाखाली ओतले, चिठ्ठ्या जाळल्या आणि नळ्या धुऊन ओळीने पालथ्या घातल्या.

बाई आल्या. "लई चकाचक केलं," म्हणाल्या. मग त्यांनी कोष कुठं आहेत ते विचारलं.

माशीने आतून खाल्लेला कोषही वळवळत नाही. म्हणजे आम्हाला हवे होते, नेमके तेच मी निवडून फेकले होते. इतकी अचूक निवड पुन्हा मला जमली नाही.

बाईंनी गुडघ्यांवर बसून नऊ कोष वेचले. आठवड्याने त्यांतल्या चारांतून माश्या निघाल्या, काळ्या अंगाच्या, नारिंगी पायांच्या. पण त्या कोणत्या शेतातल्या, हे सांगायला चिठ्ठ्याच नव्हत्या. मोजणीत धरता येईनात. बाईंनी एकेक नळी उजेडात धरून पाहिली. "निघाल्या तर खऱ्या," एवढंच म्हणाल्या.

वरिष्ठांनी वही वाचून सही केली. आता नेमणूक संपणार म्हणून मी घरी नेण्याच्या सामानाची यादी करून ठेवली. नेमणूक मात्र पुढच्या वर्षीही झाली. कशी, ते मी विचारलं नाही. बाई माशीच्या प्रश्नाचं उत्तर न मिळताच निवृत्त झाल्या.

गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या भाचीने वह्या मला आणून दिल्या. त्या हंगामाच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, बाईंचं अक्षर होतं: 'तेवीस नमुने वाया. चूक माझी. न हलणारे कोषही ठेवावेत, ही सूचना मदतनिसाला दिली नव्हती.'

माझी यादी अजून माझ्याकडे आहे. सूचना क्रमांक सात: 'न हलणारे कोषही ठेवावेत.' खाली दोन रेघा.