थांब म्हणणारा

लॅबमध्ये एका ब्युरेटवर दोघं असायचो. हजेरीत आमची आडनावं लागोपाठ, म्हणून तो दहिवलीचा आणि मी चौक गावचा, असे एका टेबलावर आलो. टायट्रेशन करताना एकाने ब्युरेटच्या उभ्या काचनळीचा नळ सोडायचा, दुसऱ्याने खाली फ्लास्क हलवत राहायचं. थेंब थेंब अल्कली पडते, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं अ‍ॅसिड एका क्षणी फिकट गुलाबी होतं आणि त्या थेंबाला थांबायचं. एवढंच काम. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी नळ सोडून बसलो होतो आणि तो ओरडला, "अरे ए, थांब! केव्हाचं गुलाबी झालंय!"

मला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "कुठं गुलाबी?" तो हसला, मग माझ्याकडे बघत राहिला.

मला फिकट गुलाबी दिसत नाही. हिरवट आणि तांबूसही माझ्या डोळ्यांत एकमेकांत मिसळतात. हे मला तोवर नीटसं माहीतच नव्हतं. आमचं हायवेला गॅरेज. लहानपणी एका गाडीला टचअप करताना वडिलांनी लाल रंगाचा डबा आणायला सांगितला आणि मी तपकिरी नेऊन दिला. "डोळं हायेत का भोकं?" म्हणून त्यांनी एक कानाखाली ठेवून दिली होती. मी धांदरट आहे, असंच घरात ठरलं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने पैजेवर बोलावं तसं म्हटलं, "मेलो तरी कुणाला सांगणार नाही. नळ तू सोड, रंग मी बघतो." तेव्हापासून तो माझा डोळा. बदल्यात त्याच्या टाळक्यात न शिरणारी सगळी गणितं मी सोडवून द्यायचो. तो शांतपणे "थांब" म्हणायचा आणि माझं बोट जागच्या जागी थांबायचं. आमची रीडिंग वर्गात सगळ्यांत चोख. सर आम्हाला जोडगोळी म्हणायचे.

एक सांगायला हवं. तिसऱ्या वर्षाला आम्लता मोजणारा पीएच मीटर आला. तिथे रंग बघायचाच नसतो. काटा आकडा दाखवतो, आपण आलेख काढायचा. त्या प्रॅक्टिकलला मला कुणाच्या डोळ्यांची गरज पडली नाही आणि माझं उत्तर वर्गात सगळ्यांत बरोबर आलं. आनंदाने त्यानेच माझ्या पाठीत धपाटा घातला होता, "च्यायला, तुला माझी गरजच नाही की रे!" म्हणजे हे त्याला पक्कं माहीत होतं.

शेवटच्या परीक्षेच्या आधी खालापूरकडच्या एका औषधाच्या कारखान्यातून माणसं आली. लॅबमध्ये केमिस्ट हवा होता, जागा एकच. मला ती नोकरी इतकी हवी होती की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. हाताला ग्रीस न लावता कमवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो माझ्या आधी आत गेला. बाहेर येताना "सोपं आहे रे, जा" म्हणाला आणि शर्टाची कॉलर नीट करून दिली.

आत गेलो तर टेबलावर दोन बाटल्या ठेवलेल्या. साहेबांनी विचारलं, "यातली गुलाबी कुठली?"

मी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, सारख्याच दिसल्या. मग म्हटलं, "साहेब, मी पीएच मीटरवर करतो, तुम्ही परीक्षा घ्या." ते तसे सभ्य होते. म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या मित्रानेच काळजीपोटी सांगितलं. उद्या औषधात चूक झाली तर जबाबदारी कुणाची?"

जागा त्याला मिळाली.

मी त्याला सायकल स्टँडवर गाठलं. "का सांगितलंस?" त्याने मान वर केली नाही. "तुझ्याच भल्यासाठी सांगितलं. तिथे पकडला गेला असतास." मी म्हटलं, "आणि मीटरचं? ते का नाही सांगितलंस?" यावर तो कुलपाशी खटपट करत राहिला. भलं कसलं डोंबलाचं! अर्धंच सांगितलं आणि उरलेलं खिशात घातलं. माझं रक्त उकळत होतं. हात उगारला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

उरली युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल. त्यात चांगले मार्क मिळाले की एमएस्सीला प्रवेश, नाहीतर गॅरेज. परीक्षेत ब्युरेट प्रत्येकाची वेगळी, पण त्याचं टेबल माझ्या शेजारचंच. माझ्या वाट्याला नेमकं तेच टायट्रेशन आलं. मी नळ सोडला. थेंब पडत होते, फ्लास्कमध्ये मला नुसतं पाणी दिसत होतं. बाजूने हळूच आवाज आला, "थांब."

माझं बोट सवयीने थांबलं. मग डोक्यात आलं, हा आता आणखी काय काढून घेणार माझं? मी नळ परत सोडला. तो पुन्हा म्हणाला, "अरे थांब ना." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांना रंग दिसेल तेव्हाच थांबायचं, असं ठरवून टाकलं. फ्लास्क भडक झाला तेव्हा कुठे मला कळलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जवळजवळ रडवेला झाला होता, तरी मी तेच केलं. तिन्ही रीडिंग एकमेकांशी तंतोतंत जुळली, तिन्ही सारखीच चुकीची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फ्लास्क उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि उत्तरावर काट मारली.

आज मी चौकलाच गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान चालवतो. अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढायचं, आत तरंगणाऱ्या काट्यावरचा आकडा वाचायचा. रंगाचा संबंध येत नाही. हाताला ग्रीस लागतंच. तो कारखान्यातून येताना कधी दुकानावरून जातो, गाडीचा वेग कमी करतो. मी मान खाली घालून आकडा वाचत बसतो.

नोकरीचं मी कदाचित विसरलोही असतो. पण परीक्षेत तिन्ही वेळा तो खरं सांगत होता आणि मला ते खरं मानता आलं नाही. त्यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही.