मॅडम, तुमचं वेगळं

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये दहा वर्षं होते. ही गोष्ट कॅप्टन असतानाची. आमचं काम पहाडातल्या चौक्यांना रसद पोचवण्याचं. सकाळी साडेपाचला गाड्यांची तपासणी, साडेसहाला कॉन्व्हॉय रवाना. लोकांना वाटतं सैनिक म्हणजे बंदूक. आमच्या हाताला मात्र बंदुकीपेक्षा ग्रीसच जास्त लागायचं.

मी निफाडची. घरी द्राक्षबाग. बाईचा हात हलका म्हणून मण्यांची विरळणी बायांनीच करायची, आणि पाळी आली की त्याच बाईने बागेत पाऊल टाकायचं नाही, वेल करपते म्हणून. पंधराव्या वर्षी मी मुद्दाम चारही दिवस बागेत गेले. त्या साली माल झकास निघाला. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचतील.

युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात सुभेदारसाहेब म्हणाले, "मॅडम, आप ऑफिस देखिए. रास्ता लेडीज के लिए ठीक नहीं." दुसऱ्या दिवशी मी कॉन्व्हॉयच्या पहिल्या गाडीत जाऊन बसले. गाडीचा ड्रायव्हर होता नाईक दत्तू बागुल, कळवण तालुक्यातला.

"मॅडम, बर्फात टायरला साखळी बांधता येती का?" त्याने विचारलं. "नाय येत तर शिकवतो."

बोटं सोलून निघेपर्यंत त्याने शिकवलं. बाई म्हणून सूट दिली नाही आणि बाई म्हणून कौतुकही केलं नाही. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नऊ चाळीसला दरड कोसळली. त्या दिवशी मी शेवटच्या गाडीत होते. वायरलेसवर पुढच्या गाडीतून आवाज आला.

"पहली गाडी दब गई. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"जवाब नहीं दे रहा. ओव्हर."

आम्ही पन्नास मिनिटं खणत होतो. दत्तू जिवंत निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी त्याच्या गावी पोचले. नाशिकहून सलामीची तुकडी आली होती. साडेअकराला अंत्ययात्रा निघाली. ओढ्याच्या अलीकडे, जिथून स्मशानाची वाट सुरू होते, तिथे दत्तूच्या चुलत्यांनी, आबांनी, हात आडवा धरला. बायकांनी तिथून मागे फिरायचं, अशी रीत. दत्तूची बायको सुनीता सगळ्यात पुढे होती.

"मला यायचंय, आबा. शेवटपर्यंत."

"बाईमाणसाचं काळीज नाजूक, पोरी. देवानं घडवलंच तसं. बाईनं मसणात जायचं नसतं." मग ते माझ्याकडे वळले. "चला मॅडम. तुमचं वेगळं हाय. तुम्ही तर पुरुषासारख्याच."

कबूल करते, तोवर हे वाक्य मला बक्षीस वाटायचं. नोकरीत ते किती वेळा ऐकलं आणि मनात सुखावले. सुनीताच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्या बक्षिसावर मी एकटी आत जाणार होते आणि जिचा नवरा गेला ती बाहेर उभी राहणार होती.

मी जागची हलले नाही.

"आबा, मी बाईच आहे. आज माझ्या पाळीचा दुसरा दिवस आहे. इथवर दत्तूच्या पेटीशेजारी बसून आले. मला चालत असेल तर यांनाही चालतं. यांना चालत नसेल तर मीही इथेच थांबते."

"आसं भर रस्त्यात काय बोलता, मॅडम!"

"पेटीवरचा तिरंगा चितेजवळ त्याच्या पत्नीच्या हातात द्यायचा असतो. मी तो दुसऱ्या कुणाला देणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "येऊ द्या ना तिला, आबा." आबांचा हात तसाच होता. तेव्हा सुनीता पुढे झाली. तिने तो हात धरून हळूच खाली केला आणि चालू लागली. तिच्यामागून नणंद निघाली, मग आणखी सात-आठ जणी. दत्तूची आई मात्र ओढ्यापाशीच बसून राहिली. तिला यायचं नव्हतं, आणि तिला कुणी ओढलं नाही.

तिरंगा मी सुनीताच्या हातात दिला. अग्नी धाकट्या भावाने दिला. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, तिला फक्त जवळ राहायचं होतं. तीन फैरी झाडल्या तेव्हा ती ताठ उभी होती. आबा मात्र दचकून मटकन खाली बसले. तिने माझी बाटली मागून त्यांना पाणी पाजलं. नाजूक काळजाचा विषय मी काढला नाही.

दुपारी निघताना दत्तूची सहा वर्षांची लेक ओट्यावर बसलेली दिसली. केस पिंजारलेले.

"मला वेणी धड जमत नाय," सुनीता म्हणाली. "सुट्टीवर आले की हेच घालायचे, चार पेडांची. गाव हसायचं, बायल्या म्हणायचं. हे म्हणायचे, हसू दे, पोरगी माझी हाय."

एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली. मलाही आवरलं नाही. मी कंगवा घेतला आणि पोरीच्या मागे बसले. वेणी वाकडी झाली. पोरीने हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "बाबांची सरळ असायची."

युनिटला पाठवलेल्या रिपोर्टमध्ये मी त्याची सेवा, गाडीचा नंबर, अपघाताची वेळ, सगळं भरलं. एका गोष्टीला तिथे रकाना नव्हता, ती इथे लिहिते. नाईक दत्तू बागुल लेकीच्या वेण्या उत्तम घालायचा.