तात्यांच्या बोअरमधली ऊब

निरवांगीत बोअर पाडतात ते पाण्यासाठी. विजेसाठी बोअर पाडा म्हणणारा अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. तात्या तरुणपणी बोअरच्या गाडीवर कामाला होते. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी सरकारी साहेबांनी भोकं पाडली, तेव्हा एका साहेबाचं बोलणं ते गावी घेऊन आले. झरा असो नसो, जमीन खोलवर गरमच असते. एका भोकातून पाणी सोडायचं, दुसऱ्यातून वाफ घ्यायची, तिच्यावर चाक फिरवून वीज करायची. मोटर चालू असताना वीज गेली की सगळे शिव्या देत, तात्या मात्र खूश होत. "ऊन सांजंला जातं, वारं पडतं, धरण आटतं. खालची चूल कवा इजलीय का?" लग्नाच्या पंगतीतही ते शेजाऱ्याला विचारत, "तुमचं बोअर किती फूट?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाण्याला हात लावून बघायला दारात हजर.

शेवटी पाणी कमी म्हणून सोडून दिलेल्या आपल्याच बोअरमध्ये त्यांनी मोजायचं ठरवलं. आधी तापाचा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला. पारा जागचा हलला नाही. काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, म्हणाल्या, "धरणीला ताप न्हाय. आता तुमचा बघा." मग डेअरीतून दुधाचा थर्मामीटर आला. तात्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून आकडे वहीत मी लिहायचे, माझ्या चौथीच्या अक्षरात. वर सोडा नाहीतर तळाशी, आकडा तोच. बघायला येणारे हसून जात. एका सकाळी तात्या मोठा दगड ढकलत बोअरपाशी घेऊन आले.

"आजून दोन दिस. ऊब न्हाय निघाली तर भोकावर दगड ठिवतो. पुन्हा बोलनार न्हाय." त्या दिवशी ते जेवले नाहीत. हे बोलणं थांबलं तर तात्यांचं काय उरेल, या विचाराने मलाही घास जाईना.

चूक कुठे होते ते मला दिसत होतं, पण सासऱ्यांपुढे बोलायची छाती नव्हती. दोरी वर ओढेपर्यंत पारा उतरत होता. भाकरी उघडी ठेवली की निवते, फडक्यात गुंडाळली की राहते. मी काकींच्या कानात सांगितलं. काकींनी ते गल्लीभर सांगितलं. "ऐकलं का? सून म्हनतीय, त्या पाऱ्याला गोधडीत घाला!"

तात्यांनी लगेच थर्मामीटर पाणी भरलेल्या बाटलीत घातला, बूच घट्ट लावलं, वर गोधडीच्या चिंध्या आणि प्लास्टिक गुंडाळलं. एक दिवस बाटली वरच्या पाण्यात ठेवली, दुसऱ्या दिवशी तळाशी. तळाचा आकडा दोन अंशांनी जास्त निघाला.

"दोनच व्हय?" शेजारचे आबा म्हणाले.

"आबा, येवढ्याशा भोकात दोन! आजून खाली जावा की!" तात्यांनी ती बाटली गालाला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला म्हणाले, "सूनबाई, लिव्ह. आन् खाली तुजं नाव बी लिव्ह."

तात्या जाऊन दोन वर्षं झाली. वीज अजून येईल तेव्हा येते. पण कधीतरी शिकलेली पोरं खोल जाणारी गाडी घेऊन येतील, याची मला खात्री आहे. तेव्हा पदर सावरून मीच पुढे होऊन वही दाखवणार आहे, काकींना मधे न घालता. फक्त त्या पोरांना जेवता जेवता "किती फूट गेलं?" असं विचारून हैराण करणारं माणूस तेवढं नसेल.