सासूला सांभाळायचा सरकारी पगार

मोठ्या दिरांच्या चिंचवडच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. बाहेर पंगत बसलेली. मी बाथरूममध्ये सासूचा भरलेला गाऊन धूत होते. तिचं अर्धं अंग लुळं आहे, तिचं सगळं मीच करायचे. बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, "तिला काय, सरकार घरबसल्या पगार देतंय. आईंना सांभाळायचाच पगार समजा." पंगत हसली. माझा नवराही हसला. हात धुऊन वाढायला गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "तू नको हात लावूस अन्नाला."

मी मागं सरले. शेवटी उरलेलं जेवले. भूक लागली होती. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

आधी मी चाकणला कंत्राटी होते, गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर. सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, मग परत घेतो. असल्याच एका ब्रेकमध्ये सासूला अर्धांगवायू झाला. दिरांनी तिला आमच्या कुरुळीच्या एका खोलीत आणून टाकलं. बायकांच्या खात्यात दरमहा येणारे सरकारचे पैसे मला तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. दीर कंपनीत पर्मनंट, शिकलेले. म्हणाले, "कामावर गेलीस तर ते पैसे बंद होतील. वर वसुली लागेल." मी घाबरले. ठेकेदाराचा दोनदा फोन आला, दोनदा मी नाही म्हणाले. वर्ष गेलं.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंना गाठलं. माझा फॉर्म त्यांनीच भरला होता.

"अगं, तुझ्या लाइनवरच्या निम्म्या बायकांना मिळतंय. कामाला जाऊ नको असं सांगितलं कुणी तुला?"

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग आईचं कोण करणार होतं?"

म्हणजे ठाऊक होतं.

ठेकेदाराला मीच फोन लावला. सोमवारी फर्स्ट शिफ्ट, म्हणाला. रविवारी चिंचवडला दिरांकडे जायला रिक्षा बोलावली, सासूला उचलून आत बसवलं, औषधांची पिशवी मांडीवर ठेवली. नवरा दारातून बघत राहिला. मोशी आली. तशी ती रडायला लागली. "नको गं तिथं टाकू मला. ती पाणीसुद्धा द्यायची न्हाई."

ते मलाही माहीत होतं. तरी मी रिक्षा वळवली नाही. म्हातारीला दोन मुलगे आहेत. पाणी त्यांनी पाजावं. मी लाइन सोडणार नाही.