पाणी बंद

चिखलोलीच्या पुढे आमची जी थोडी जमीन उरली आहे, तिच्या तिन्ही बाजूंना आता इमारती उभ्या आहेत. वरच्या मजल्यांवरचे लोक आमच्या कोंबड्यांचा वास येतो म्हणून तक्रार करतात आणि रविवारी तेच जाळीपाशी येऊन "गावठी नाही का ठेवत?" असं विचारतात. मी अंबरनाथला कारखान्यात नोकरी करतो. शेड माझं आणि आईचं. पैसे माझे, कष्ट तिचे, आणि अक्कल दोघांची असली तरी ती स्वतःचीच धरते.

आधी आम्ही कंपनीसाठी पक्षी वाढवायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदा सगळी बॅच आमची स्वतःची घातली आणि नेमकी त्याच बॅचला पांढरी हगवण लागली. पक्षी पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागले. सकाळी शेडमध्ये शिरलं की आधी मेलेले उचलायचे, मग बाकीचं काम. ही बॅच हातची गेली तर शेड मोडायचं असं मी ठरवून टाकलं होतं. बिल्डर टपूनच होता. पण शेड मोडल्यावर जन्मभर मातीत राबलेल्या बाईने चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करायचं काय? मी तो विषय काढायचंच टाळत होतो.

बदलापूरहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. बाई तरुण, बोलणं भराभर. एक मेलेला पक्षी उघडून बघितला आणि पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक लिहून दिलं. आजारी पक्षी खाणं टाकतो, पण पाणी सहसा टाकत नाही, म्हणून औषध पाण्यात. भांडी घासून घ्यायची, थोडा वेळ पाणी बंद ठेवायचं म्हणजे पक्षी तहानतात, आणि मग औषधाचं पाणी मांडायचं. त्या पाण्याशिवाय दुसरं पाणी नाही. बरे वाटले तरी पाच दिवस पुरे करायचे.

"जुलाब लागलेत, तरी पानी बंद?" आईने विचारलं.

"हो मावशी, थोडाच वेळ," असं म्हणत डॉक्टरांनी स्कूटरला किक मारली. आई पुढे काही बोलली नाही. आमच्या घरात आई गप्प बसली की तिला पटलं असं आम्ही समजतो. ही समजूत सोयीची आहे, म्हणून इतकी वर्षं टिकली.

मी सकाळी भांडी रिकामी करून उपडी घालायचो, बादलीत औषध कालवून ठेवायचो आणि कामावर जायचो. ते मांडायचं काम आईचं. संध्याकाळी येऊन बघावं तर औषधाचं पाणी जवळजवळ तसंच, आणि मरतूकही तशीच चालू. औषधच बोगस असणार, असं म्हणत मी शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या औषधवाल्याकडे गेलो आणि त्याच्या अंगावर खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "साईं, सीलबंद माल है. पिलाया क्या बराबर?" या प्रश्नाचा मला फार राग आला. डॉक्टरांना फोन केला, तर त्या काळजीत पडल्या. म्हणाल्या, अर्धवट औषध पोटात जाणं न दिल्यापेक्षा वाईट. त्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, आणि मग तसलंच औषध पुढे माणसालाही लागू पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वीज गेली म्हणून मी दुपारच्या आधीच घरी आलो. आई शेडच्या मागच्या बाजूला उकिडवी बसली होती. जाळीचं खालचं टोक वर दुमडलेलं, आत भाकरीची परात, परातीत साधं पाणी, आणि तिच्याभोवती कोंबड्यांची नुसती झुंबड. आई हातातल्या तांब्याने परातीत भर घालत होती.

मी ओरडलोच. "आये, काय करतेस? तूच मारतेस सगळ्यांना."

तिने परात उचलली नाही. "पानी बंद करून जुलाब थांबत नाय," ती म्हणाली. "मना ठाव हाय."

"अगं, थोडाच वेळ बंद ठेवायचं होतं."

"तवा पन असाच बोललेले. थोरा वेळ."

मला आधी काही कळलं नाही. माझ्या आधी एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मी ऐकून होतो. कशाने गेली ते घरात कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी, शेडच्या मागे परातीशी बसून, आईने सांगितलं. पोरीला जुलाब लागले. घरातल्या मोठ्या माणसांनी पाणी बंद करायला सांगितलं, कारण पाणी पोटात गेलं की तेच बाहेर येतं, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. आई तेव्हा घरातली नवी सून. हंडा हाताच्या अंतरावर होता. पोर हंड्याकडे हात करून मागत राहिली आणि आईने मोठ्यांचं ऐकलं.

लहानपणी माझं पोट जरा बिघडलं की ही बाई तांब्या घेऊन माझ्या मागे लागायची. प्यायचं नाही म्हटलं तर रडायची. मला ते नाटक वाटायचं. आता परातीकडे बघताना मला तिच्यापुढे उभं राहवेना, मी खाली बसलो.

डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशींना फोन द्या." आईला त्यांनी सावकाश समजावलं की पाणी बंद करायची मुळीच गरज नाही. पक्षी रात्री अंधारात पीत नाहीत, उजाडताना आपोआप तहानलेले असतात. त्या वेळी पहिलंच पाणी औषधाचं द्यायचं आणि दिवसभर तेच, हवं तेवढं. "घाईत मीच अर्धवट सांगितलं," असंही त्या म्हणाल्या.

"म्हंजे पानी द्यायचाच," आई म्हणाली. "फकत दवा घालून."

औषध पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. या वेळी आईने मला बादलीला हात लावू दिला नाही. उजाडायच्या आत ती शेडमध्ये हजर. मरतूक कमी झाली, मग थांबली. पक्षी खायला लागले, तरी तिने पाचही दिवस पुरे केले. मग औषध पक्ष्यांच्या अंगातून उतरेपर्यंत विक्री नाही, फक्त साधं पाणी. कोंबड्या विकत घेणाऱ्या उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने फोनवर "सब देते हैं, तुम क्यों अटका?" म्हणून पाहिलं, पण आईने माझ्या हातातून फोन घेऊन "नाय म्हंजे नाय" एवढंच सांगितलं.

त्या साध्या पाण्याच्या दिवसांत एका सुट्टीच्या दुपारी शेड अगदी शांत होतं. मी आईला म्हटलं, "बघ, कशा गप बसल्यात. बऱ्या झाल्या सगळ्या. तूही जरा पड जा."

ती उठली नाही. एकेका कोंबडीला उचलून भांड्यापाशी ठेवायची, तिने चोच बुडवली की सोडायची आणि पुढची घ्यायची.

"गप झाली म्हंजे बरी झाली असा नसते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ती पन दुपारची मागायची थांबली. मना वाटला, उतार परला. मी भात टाकायला गेली."