अडकलेलं चाक

शेजारचे काका होकाराला ‘हौ’ आणि नकाराला ‘नक्को’ म्हणतात. मधला शब्द त्यांच्याकडे नाही. मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तेव्हाही ते ‘नक्को’च म्हणाले. ती लग्न करून नांदेडला गेली आणि त्यांची गाडी इथं बरकतपुऱ्यात, त्यांच्या अंगणात उभीच राहिली. मी संतापून जातीविरुद्ध पत्रक काढलं आणि पहिलं त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते वाचून खिशात ठेवलं.

परवा सकाळी ते बसलेला टायर बदलत होते. नट उघडताना चाक धरून ठेवणारा एक स्टड, म्हणजे बोल्ट, तुटला आणि गंजलेलं चाक काही निघेना. गाडी जॅकवरून खाली घेऊन, उरलेले नट जरा सैलच ठेवून ते मला म्हणाले, “गाडी आस्ते ढकल बेटा, मागं-पुढं.” चाक कटकन सुटलं. मग गाडी पुन्हा जॅकवर चढवून त्यांनी तुटका स्टड ठोकून काढला, नवा बसवला, स्टेपनी लावली.

गाडी सुरू झाली. मी फाटक उघडायला निघालो.

“नक्को,” काका म्हणाले.

पुन्हा तोच नकार ऐकून पत्रकातलं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं. तेवढ्यात त्यांनी शेजारची सीट रुमालानं पुसली.

“तू बी चल की नांदेडला. तिनं दार नाही उघडलं, तर एकटा कसा परत येऊ?”