पाच नंबरचा पेपर

मी आजवर एकही फुटबॉल मॅच मैदानात जाऊन पाहिलेली नाही. पण जर्मनीच्या तिसऱ्या लीगमधल्या एका क्लबच्या सीझनभरातल्या अडतीसच्या अडतीस मॅचेस मी एकेका पासासकट पाहिल्या आहेत, त्यातल्या काही दोनदा. त्या क्लबच्या अध्यक्षांनी तरी एवढ्या पाहिल्या असतील की नाही, शंकाच आहे. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. दोन हजार चौदा-पंधराचा तो सीझन, आणि त्या दहा महिन्यांत मी जितकी दमले तितकी मुलगी झाली तेव्हाच्या बाळंतपणातही दमले नव्हते.

त्याआधी सतरा वर्षं मी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होते. नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली, आम्ही चोआ चू कांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, मुलगी इथल्या शाळेत रुळली, आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या परवान्यावर, घरी बसले. इथल्या शाळांना माझी बीएड काही पटली नाही. दोन वर्षं मी डबे भरले, एसीच्या जाळ्या धुतल्या आणि दुपारी एकटीच बसून मुलीच्या गणिताच्या वहीतल्या चुका काढल्या. ती वैतागून वही दप्तरातच ठेवायला लागली.

मग सेरंगूनला एका ऑफिसात काम मिळालं. ती कंपनी फुटबॉलच्या मॅचेस लिहून काढायची. मुलाखतीत विचारलं, फुटबॉल बघता का? मी खरं ते सांगितलं, नाही. त्यावर तिघंही खूश झाले. आवडती टीम नसलेलं माणूसच त्यांना हवं होतं.

काम सांगायला सोपं आहे. मॅचचं रेकॉर्डिंग लावायचं, बॉलला कुणाचा पाय लागला की थांबवायचं. पाय कुणाचा, मैदानात कुठे, त्यानं काय केलं, आणि ते जमलं की चुकलं, एवढं नोंदवायचं आणि पुढे जायचं. एका टीमचे असे शेकडो स्पर्श. नव्वद मिनिटांची मॅच लिहायला माझे सात-आठ तास जायचे. मॅच शनिवारी, म्हणजे लिहायचा वार रविवार. नवरा आणि मुलगी सेम्बावांगच्या समुद्राकाठी सायकली फिरवत आणि मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तासभर प्रवास करून अनोळखी जर्मनांचे पाय मोजायला जाई. लिहून झालेली शीट त्या त्या क्लबला जायची. एवढ्या बारीक आकड्यांचं ते काय करतात, हा प्रश्न मला बरेच महिने पडला नाही.

इंग्लंड आणि स्पेनच्या मोठ्या लीग जुन्या लोकांकडे होत्या. नव्या शिक्षिकेला जशी नववी ‘फ’ मिळते, तशी मला जर्मनीची तिसरी लीग मिळाली. हे खेळाडू पगारी असतात, पण त्यांच्या खालची लीग अर्धवेळ नोकरी करून खेळणाऱ्यांची, आणि हरत राहिलेली टीम सीझनअखेर तिथे घसरते. त्यामुळे सगळे घाबरून खेळत. बॉल लांब मारायचा, डोक्यानं परत मारायचा, पुन्हा लांब मारायचा. ऑक्टोबर संपता संपता धुकं यायला लागलं. कॅमेरा एकच, तोही उंचावर कुठेतरी टांगलेला. पाठीवरचे आकडे दिसेनात, तेव्हा मी माणसं चालीवरून ओळखायला शिकले. बाहेर सेरंगूनला घामाच्या धारा, आत एसीमुळे माझ्या अंगात स्वेटर आणि स्क्रीनवर बर्फ. मार्चपर्यंत मला हे सगळं आपण कशासाठी करतोय तेच कळेनासं झालं होतं.

पाच नंबर मी सगळ्यांत आधी ओळखायला लागले. बचावाच्या मधोमध उभा राहणारा, पस्तिशीच्या पुढचा, डोक्यावर केस जेमतेम. उजवा गुडघा जरा ओढत पळायचा. बाकीचे बावीस-तेवीसचे, त्याच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्यासारखे सुटत आणि बॉल गमावला की याच्याकडे बघत. हा आपला शेवटी उभा, सगळ्यांचं निस्तरायला. प्रत्येक शाळेत एक असे सर असतात, ज्यांच्याकडे ऑफ तासाला वर्ग सोपवायचा आणि निघून जायचं. मला तो आवडायला लागला, हे सरळच सांगते.

आता माझी चूक सांगायला हवी. दहावीचे पेपर ज्यांनी तपासलेत त्यांना ती कळेल. तेहतीस मार्कांवर अडकलेला पेपर आला की आम्ही तो तसाच बाजूला ठेवत नसू. पुन्हा पहिल्या पानापासून उघडायचा. उत्तर चुकलंय, पण सूत्र बरोबर लिहिलंय का? आकृतीला नावं दिली आहेत का? पायऱ्यांचे मार्क शोधायचे, एक इथे, एक तिथे, आणि पस्तीस करून टाकायचे. याला आमच्यात कुणी लबाडी म्हणत नाही. मी तर म्हणेन, जो हे करत नाही त्यानं पेपर तपासायला बसूच नये.

पाच नंबर जानेवारीपासून चुकायला लागला. पास समोरच्याच्या पायात जाऊ लागले. आमच्या नियमात चुकलेला पास म्हणजे चूक, पण बचावातल्या माणसानं संकटात बॉल नुसता लांब भिरकावला तर त्याला क्लिअरन्स म्हणतात आणि ती चूक धरत नाहीत. पास होता की क्लिअरन्स, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. माझा हात आपोआप वळायचा. समोरून एक गडी धावत येतोय ना, मग संकट आहेच. लिही क्लिअरन्स. दुसऱ्याचा पास चुकला तर मी चूक लिहायची आणि याचा चुकला तर त्याच्या आजूबाजूला संकट शोधायची. विचार करून केलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. मी न थांबता करत होते.

मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या टीम लीडरनं मला बोलावलं. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, इथलीच चिनी मुलगी, कामाला वाघ. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला ‘चेर’ म्हणायची. इथली मुलं टीचरला तशीच हाक मारतात. आणि खोटं कशाला बोलू, त्या हाकेसाठी मी तिचं बरंच काही ऐकून घ्यायची.

“चेर, क्लबकडून मेल आलाय,” तिनं तिच्या इंग्रजीत सांगितलं. पाच नंबरचा करार मे महिन्यात संपत होता. आणखी एक वर्ष द्यायचं की नाही, ते ठरवायचं होतं. कोचला वाटत होतं, हा माणूस संपला. आणि आमची शीट सांगत होती की टीममध्ये सगळ्यांत कमी चुका याच्याच. तेव्हा त्यांचं विचारणं एवढंच होतं की शीट नक्की बरोबर आहे ना?

तिनं माझ्या दोन मॅचेस दुसऱ्या कुणाकडून नव्यानं लिहून घेतल्या होत्या. दोन्ही शीट तिनं माझ्यासमोर शेजारी शेजारी लावल्या.

“एव्हरीबडी सेम-सेम, चेर. ओन्ली नंबर फाइव्ह डिफरंट. व्हाय लाइक दॅट?”

तपासलेले पेपर पुन्हा तपासणाऱ्या मॉडरेटरसमोर उभं राहायची वेळ माझ्यावर सतरा वर्षांत कधी आली नव्हती. मी एवढंच म्हटलं की जानेवारीपासूनच्या सगळ्या मॅचेस मी पुन्हा बघते, गुरुवारपर्यंत वेळ दे. तिनं मान हलवली. मग मी विचारलं, आकडे उतरले तर त्याला काढतील का?

“वुई डोंट डिसाइड, चेर. वुई जस्ट राइट.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. मुलीनं एकदा माझ्या ऑफिसात येऊन पाच नंबरला रेकॉर्डिंगमध्ये पाहिलेलं होतं. “बट आई, ही इज रिअली स्लो लाह,” ती इथल्या मुलांसारखं शेवटी ‘लाह’ जोडून, पोळीचा तुकडा मोडत म्हणाली.

“म्हणजे तू खोटं लिहिलंस?” नवऱ्यानं विचारलं.

“खोटं नाही रे. पायऱ्यांचे मार्क दिले.”

तो हसेल असं वाटलं होतं. त्याचाही दिवस वाईट गेला असावा, कारण तो हसला नाही. “त्यानं मागितले होते का?” म्हणाला, आणि ताट उचलून आत गेला. मला त्याचा असा राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

मंगळवारी मी पुन्हा बघायला बसले. पहिल्यांदा लिहिताना आपण स्पर्श झाला की नोंदवतो आणि पुढच्या स्पर्शावर जातो, मधलं कुणी बघत नाही. या वेळी मी रेकॉर्डिंग न थांबवता चालू ठेवलं. जानेवारीअखेरच्या मॅचमध्ये त्याचा एक पास चुकला, जो मी क्लिअरन्स केला होता. बॉल पुढे गेला, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात तो उरला, आणि त्यानं हात वर केला. सगळ्या टीमला दिसेल असा. माझं चुकलं, एवढाच त्याचा अर्थ. मग गुडघा ओढत जागेवर परत गेला.

मी पुढची नोंद काढली. तिथेही हात वर. तिसरीलाही. फेब्रुवारीतल्या एका मॅचमध्ये तर धुक्यात आकडा दिसत नव्हता, वर गेलेला पांढरा हात तेवढा दिसला. बुधवारी संध्याकाळपर्यंत अशा सव्वीस जागा निघाल्या. दोन-तीन सोडल्या तर प्रत्येक ठिकाणी त्यानं स्वतः चूक कबूल केली होती आणि मी इथे बसून ती पुसून टाकली होती.

मला फार शरम वाटली. त्याची दया येते असं मी समजत होते, पण दया मला माझी येत होती. काम येणाऱ्या माणसाला पुरे झालं आता, घरी बसा, असं कुणी सांगू नये, आणि सांगितलंच तर कुणीतरी पेपर पुन्हा उघडून दोन मार्क शोधावेत, हे मला स्वतःसाठी हवं होतं. ते मी एका परक्या माणसाच्या नावावर मागत होते. तो बिचारा तिकडे हात वर करून खरं सांगत होता.

तरी शीट पाठवायला माझा हात धजेना. मी पॅन्ट्रीत जाऊन चहा करून आले, तो थंड होऊ दिला, दुसरा केला. ही शीट गेली की त्याचं एक वर्ष जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही पाठवली तर त्याला खोट्या आकड्यांवर वर्ष मिळेल आणि पुढच्या जानेवारीत तो भर मैदानात, लोकांसमोर उघडा पडेल. यातलं कमी वाईट काय, ते मला आजही सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी मी सव्वीसच्या सव्वीस चुका चूक म्हणून लिहिल्या आणि शीट टीम लीडरकडे दिली. तिनं खालपर्यंत वाचली. “थँक यू, चेर,” म्हणाली. मला नोकरीवरून काढलं नाही. मे अखेरपर्यंत माझी प्रत्येक मॅच दुसरं कुणीतरी तपासत होतं, आणि ते योग्यच होतं.

एप्रिलमध्ये पाच नंबर राखीव खेळाडूंच्या बेंचवर गेला. क्लबच्या पानावर चार ओळींची बातमी आली, ती मी मशीनकडून भाषांतर करून वाचली. करार वाढवणार नव्हते. माझ्या शीटमुळे, की कोचनं आधीच ठरवलं होतं म्हणून, हे मी टीम लीडरला विचारलं. तिला माहीत नव्हतं आणि तिनं क्लबला विचारलंही नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

मे महिन्यात शेवटची मॅच आली. टीम त्याच लीगमध्ये टिकणार हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे निकालाचं कुणाला काही पडलं नव्हतं. रेकॉर्डिंग आलं की ते पहिल्या शिटीपर्यंत पुढे न्यायचं, आधीचं कुणी बघत नाही. त्या रविवारी मी अगदी सुरुवातीपासून लावलं. सोडून जाणारे चार खेळाडू मधोमध उभे होते. क्लबच्या कुणी साहेबांनी एकेकाला फुलांचा गुच्छ आणि चौकटीतला फोटो दिला. तिघं तरुण, त्यांना पुढे दुसरे क्लब असणार. पाच नंबरबरोबर त्याची बायको आणि दोन लहान मुली होत्या. धाकटी फुलं ओढत होती. त्यानं फोटो काखेत मारला, गुच्छ तिला देऊन टाकला आणि प्रेक्षकांना टाळ्या वाजवल्या. प्रेक्षक थोडे होते, पण उभे राहिले.

ब्याऐंशीव्या मिनिटाला त्याला आत पाठवलं. आठ मिनिटांत त्याला बॉल पाच वेळा मिळाला. चार वेळा त्यानं नीट दिला, मी चारदा ‘जमलं’ लिहिलं. पाचव्या वेळी त्याच्या अंगावर कुणीही येत नव्हतं, आसपास कसलंही संकट नव्हतं, आणि पास सरळ समोरच्याच्या पायात गेला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला बॉल कुणाकडे गेला ते पहिल्यांदा दिसलं नाही, म्हणून मी रेकॉर्डिंग पाच सेकंद मागे नेलं. नीट पाहिलं. पास, पाच नंबर, चुकलं, असं लिहिलं आणि पुढच्या स्पर्शावर गेले.